धरून बसलेलं चाक

“वर्षातून एकदा तरी चारही चाकं काढून परत घालत जा. पंक्चर नसलं तरी. नाहीतर एक दिवस चाक हबला असं धरून बसेल, की तू हातापाया पडलीस तरी सुटणार नाही.”

आम्ही ही जुनी गाडी घेतली त्या दिवशी आईने मला हे सांगितलं होतं. हब म्हणजे आतली लोखंडी चकती. चाक तिच्यावर टेकतं आणि नटांनी आवळलं जातं. आईने उभा जन्म शाळेची व्हॅन चालवली, माझं सगळं शिक्षण त्या व्हॅनवर झालं. दुसऱ्या आया लेकीला संसाराचे सल्ले देतात, माझी आई नट-बोल्टचे देते. मी हसले होते. म्हटलं, “घट्ट बसलेलं चाक चांगलंच की गं! सैल असतं तर काळजी.”

“हस, हस,” ती म्हणाली. “शिकलेल्या माणसाचं असंच असतं. आधी हसतं, मग फोन करतं.”

त्या सकाळी मी फोनच करत होते. आणि उचलत नव्हती ती आई.

आमची रीत आधी सांगते, म्हणजे माझी घालमेल का चालली होती ते कळेल. आई नदीपलीकडे, बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे एकटी राहते. वडील गेल्यापासून तिचा एक नेम आहे. सकाळचा चहा गॅसवर ठेवला, की ती मला फोन लावते, एक रिंग वाजू देते आणि कापते. मी उचलायचं नाही. ती रिंग म्हणजे ‘उठले, ठीक आहे’. मग मी एक रिंग देते आणि कापते, म्हणजे ‘ऐकलं’. बोलणं नाही, विचारपूस नाही. दोघींनाही सकाळी सकाळी बोलायला आवडत नाही. आमच्या घरात या रिंगला ‘कोंबडा’ म्हणतात. नाव नणंदेने ठेवलं. मी स्वयंपाकघरात आले, की ती पांघरुणातूनच ओरडते, “वहिनी, आरवला का गं तुझा कोंबडा?”

त्या दिवशी तो आरवला नाही.

मी लेकीला पाजलं. तिचे कपडे बदलले. मग आईला फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. नवऱ्याला फोन केला. तो बंदरावर क्रेन चालवतो, वर चढला की फोन घ्यायची परवानगी नसते. त्या दिवशी अजून खाली होता म्हणून उचलला.

“झोपली असेल गं. नाहीतर फोन उशीखाली गेला असेल. तू पण ना!”

“तू पण ना.” माझं लग्न झाल्यापासूनचा निम्मा इतिहास या तीन शब्दांत मावतो. आणि इतिहासात माझं एम.ए. आहे, तेव्हा हे मी जबाबदारीने सांगते आहे.

“संध्याकाळी आलो की जाऊ दोघं,” तो म्हणाला, आणि क्रेनवर चढला.

मग पोलिसांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, आईंचा फोन कधीपासून लागत नाही? मी सांगितलं, सकाळपासून. त्या म्हणाल्या, “अहो, अजून सकाळच आहे.”

आता कबूल करते, मी घाबरट आहे. लेक झाल्यापासून जास्तच. झोपलेल्या लेकीच्या नाकापाशी बोट धरून बघते. गॅसचं बटण बंद केलं की पुन्हा जाऊन बघते. घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं आहे, की हिचं सगळं उगाच असतं. पण त्या घरात कुठला नळ ठिबकतो, कुठली खिडकी नीट लागत नाही, कोणाची गोळी राहिली, हे मला सोडून कोणाला माहीत असतं? घाबरणाऱ्याचंच लक्ष असतं हो. बेफिकीर माणूस आनंदी असतो, कारण त्याच्या वाटची काळजी दुसरं कोणीतरी करत असतं.

आणि मला एक गोष्ट माहीत होती. आईला मधुमेह आहे. ती रोज उठल्या उठल्या इन्सुलिनचं इंजेक्शन घेते, मग आंघोळीला जाते आणि मग येऊन चहा ठेवते, खाते. मी हजारदा सांगितलं होतं, “आधी खाऊन घे, आंघोळ कुठे पळून जाते?” ती म्हणायची, “मला माझ्या घरात शिस्त शिकवू नकोस.” म्हणजे रिंग यायच्या आधी इंजेक्शन झालेलं असतं. इंजेक्शन घेऊन ती खायला पोचलीच नसेल तर? साखर उतरत जाणार. आधी घाम, मग चक्कर, मग शुद्ध नाही.

तिच्या एकुलत्या एका शेजारणीला फोन केला. ती सुनेच्या बाळंतपणाला परगावी. बाहेर वाहतुकीचा संप, बस नाही, टॅक्सी नाही. बिल्डिंगमधल्या ज्यांच्याकडे गाड्या होत्या, ते शेजाऱ्यांना कोंबून केव्हाच कामावर गेलेले.

मी खुंटीवरची किल्ली काढली.

“कुठे?” सासऱ्यांनी विचारलं. ते टेबलापाशी बसून ब्रश धूत होते.

माझे सासरे पुलाचे रंगारी होते. नदीवरचा तो लांबलचक लोखंडी पूल आहे ना, तो एका टोकापासून रंगवत जायचा, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला गंज चढलेला, की पुन्हा सुरुवात. असा त्यांचा जन्म गेला. आता निवृत्त आहेत, पण गंजाशी असलेलं वैर निवृत्त झालेलं नाही. आमचं फाटक हिरवं आहे, टपालपेटी हिरवी, केरसुणीचा दांडा हिरवा. लेकीचा पाळणा मी अंगावर पडून वाचवला. आदल्याच दिवशी ते आईकडे जाऊन तिची दारं रंगवून आले होते. नखं अजून हिरवी होती. आईकडून आले तेव्हा ती ठणठणीत होती, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

“आईकडे जाते,” मी म्हटलं.

“संप आहे.”

“आपल्या गाडीने थोडाच केलाय?”

“बाळंतपणापासून तू गाडीला हात लावलेला नाहीस. एकटी पुलावरून जाणार? उगाच काहीतरी. विहीणबाई दळण-बिळण आणायला गेल्या असतील.”

“फोन घरी ठेवून?”

“आमच्या वेळी फोन घरीच असायचे.”

लेकीला मी नणंदेच्या हातात दिलं. ती कॉलेजला दांडी मारून संपाचा आनंद घेत होती. “वहिनी, मी बघते हिच्याकडे. पण दादा ओरडेल हं तुला.”

“ओरडू दे. क्रेनवरून इथपर्यंत ऐकू येत नाही.”

खाली गेले तर गाडी एका बाजूला मान टाकून उभी. पुढचं डावं चाक सपशेल बसलेलं. नवरा कंपनीच्या बसने जातो, मी घरात, म्हणजे गाडीकडे कोणी बघितलंच नव्हतं. एक क्षण वाटलं, तिथेच फरशीवर बसावं आणि भोकाड पसरावं. मग डिकी उघडली. स्टेपनी होती, हवा होती. जॅक होता, पाना होता. मी ओढणी कमरेला खोचली.

हे मला येत होतं. लहानपणी आईच्या व्हॅनचं चाक बदलताना नट धरायला मीच असायचे. हँडब्रेक ओढला. मागच्या चाकाला वीट लावली. गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे. हाताने ढिले होईनात, तेव्हा पान्यावर उभी राहिले आणि पूर्ण वजनाने दाबलं. बाळंतपणात वाढलेलं वजन पहिल्यांदाच कामी आलं. मग जॅक लावला, गाडी उचलली, नट काढून पदरात ठेवावेत तसे ओढणीच्या टोकात बांधले, चाक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.

चाक हललं नाही.

पुन्हा ओढलं. डावीकडून, उजवीकडून. नट नाहीत, काही नाही, तरी चाक ढिम्म. मी जमिनीवर बसले आणि टाचेने टायरला लाथा घातल्या, आधी वरून, मग खालून. गाडी जॅकवर थरथरली, चाक नाही. गंज सोडवायचा स्प्रे डिकीत होता, तो मधोमध मारला आणि थांबले. आई डोळ्यांपुढे आली आणि तिचं ते वाक्य. हातापाया पडलीस तरी सुटणार नाही. चाकाच्या पाया पडायची माझी तयारी होती, पण त्याला पाय नव्हते.

“काय चाललंय हे?”

बिल्डिंगचे सेक्रेटरी. सगळे त्यांना पाठीमागे ‘नोटीस’ म्हणतात, कारण ते तोंडाने कमी आणि जिन्यात चिकटवलेल्या कागदांनी जास्त बोलतात. त्यांच्या मालकीची एक स्कूटर आहे, कव्हरखाली. ती चालू झालेली पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

“चाक बदलतेय.”

“पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामं करायची नाहीत. नोटीस लावली आहे.”

“हो. तुमच्या नोटिशीला एक पोपडा आलाय, बाबांकडून रंग मारून घ्या.”

“मिस्टरांना बोलवा ना. बायकांचं काम आहे का हे? गाडी अंगावर पडेल, आणि मग सोसायटीला उत्तर द्यावं लागेल.”

“पडली तर मी देईन उत्तर. तुमची स्कूटर चालू होते का? मग तेवढी द्या, मी चाक सोडते.”

ते स्कूटरकडे बघत राहिले.

तेवढ्यात सासरे खाली आले, हातात मोठा हातोडा. “सर बाजूला,” म्हणाले, आणि रिमच्या कडेवर घालायला हात उचलला.

“बाबा, नको!” मी त्यांचं मनगटच धरलं. लग्नानंतर पहिल्यांदा. “गाडी जॅकवर आहे. रिम वाकली तर टायर नंतर कशावर चढवायचा? आणि जॅक निसटला तर तुमचे पाय कुठे आहेत बघा.”

त्यांनी पायांकडे बघितलं. ते चाकाखाली होते. हळूच मागे घेतले.

“इतिहासात एम.ए.,” ते पुटपुटले. “चाकाचा शोध कधी लागला ते सांगता येतं, काढता येत नाही.”

“शोध लावणाऱ्यांनी ते रंगवलं नसेल ना,” मी म्हणाले.

कारण मला तेव्हाच दिसलं होतं. स्प्रेचा फेस पुसताना चाक आणि हब जिथे भेटतात तिथे एक बारीक रेघ चमकली. गंज तपकिरी असतो. ही रेघ हिरवी होती. आमच्या फाटकाची, टपालपेटीची, केरसुणीच्या दांड्याची.

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते हातोड्याकडे बघू लागले.

“बाबा?”

“विहीणबाई म्हणाल्या होत्या ना,” ते म्हणाले. “वर्षातून एकदा चाकं काढून घाला. तू हसलीस. मी नाही हसलो. त्या बाईने व्हॅन चालवली आहे, उगाच नाही बोलणार. गेल्या वर्षी काढली मी चारही. आत बघितलं तर गंज! नुसता गंज! मग तसंच कसं घालणार परत?”

“म्हणून रंग लावलात. किती?”

“दोन हात.”

“आणि सुकू दिलात?”

“पुलावरचं लोखंड उघडं असतं,” सासरे म्हणाले. “वाऱ्याने आपोआप सुकतं. कोणी त्याच्यावर चाक ठेवत नाही.”

गॅलरीतून नणंद जोरात हसली. नोटीससुद्धा हसले, मग त्यांना आठवलं की ते रागावलेले आहेत.

मला हसू येत नव्हतं, आणि रागवायला वेळ नव्हता. ज्या माणसाने आईचा सल्ला ऐकला त्याने चाक चिकटवलं, आणि जिने ऐकला नाही ती आता ते ओढत होती. बरं, गंज कुरकुरीत असतो, ठोकलं की तुटतो, रंग चिवट. त्याला ठोकून उपयोग नाही, पिळायला हवं. पिळायचं कशाने? माझ्या हातांत तेवढं बळ नव्हतं. सासऱ्यांच्याही नाही. पण गाडीच्या अंगात होतं.

आईने एकदा केलं होतं ते. व्हॅन शाळेच्या कुंपणापाशी, आम्ही मुलं रांगेत उभी, आणि आई म्हणाली होती, “हिचंच वजन हिच्यावर टाकू या.” तेव्हा काय केलं होतं? नट परत लावले होते, एवढं आठवलं. किती घट्ट, ते आठवेना. सगळे काढून चालवलं तर चाक निसटून जाणार. घट्ट केले तर चाक हलणारच नाही. मधलं काहीतरी. मी प्रत्येक नट टेकेपर्यंत फिरवला आणि मग किंचित मागे घेतला, म्हणजे चाकाला सुटायला जागा, पळून जायला नाही. जॅक उतरवला. वीट काढली. गाडीत बसले.

“थांबा!” नोटीस पुढे आले. “नट सैल ठेवून गाडी चालवणार? माझ्या पार्किंगमध्ये?”

“पार्किंग तुमचं कधीपासून झालं?”

“नियम आहे!”

“काका, माझी आई फोन उचलत नाहीये. तुमच्या नियमात त्याचं काही लिहिलंय का? असेल तर वाचून दाखवा, नसेल तर सरका.”

ते सरकले. गाडी चालू व्हायला कुरकुरली, मग झाली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. हातभर पुढे, खच्चून ब्रेक. पूर्ण उजवीकडे. हातभर मागे, ब्रेक. बसलेला टायर फरशीवर चपलेसारखा फटफटला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. काही नाही. हात घामाने ओले, छातीत लेकीच्या दुधाने ठणकायला लागलेलं. मी काच खाली केली आणि माझ्याच गाडीला म्हणाले, “सुटतेस की नाही सटवे?” आणि आणखी जोराने मागे घेऊन ब्रेक मारला.

कडाड.

सुकलेली फांदी मोडावी तसा आवाज. नणंदेच्या कडेवर माझी लेक दचकून रडायला लागली. मी उतरले, वीट लावली, जॅक चढवला, नट काढले. चाक हातात आलं, इतकं सहज, की मी त्याच्यासकट मागे बसले. आतल्या बाजूला हिरव्या रंगाचं जाड कडं होतं, एका कडेला साल निघाल्यासारखं सोललेलं.

त्या सोललेल्या रंगाकडे बघताना मला आईची दारं आठवली.

“बाबा,” मी म्हटलं, “काल आईकडे कुठली कुठली दारं रंगवलीत?”

“मागचं. आणि बाथरूमचं. दमट जागा आहे, खालून फुगत चाललं होतं. कडा, चौकट, सगळं नीट. तीन हात.”

“आणि सुकेपर्यंत लावू नका, हे सांगितलंत?”

 सासऱ्यांच्या हातातला हातोडा हळूहळू खाली गेला.

इंजेक्शन, मग आंघोळ, मग खाणं. एकटी राहणारी बाई, तरी बाथरूमचं दार घट्ट लावून घेणारी, कारण जन्मभर व्हॅनची दारं आपटून लावलेली, ती सवयच. दार आत उघडतं. आतली मूठ केव्हापासून खिळखिळी होती; मी तिला तेही सांगितलं होतं.

“नणंदबाई!” मी वर बघून ओरडले. “अॅम्ब्युलन्सला फोन कर. आईचा पत्ता दे. सांग, इन्सुलिन घेतलंय आणि काही खाल्लेलं नाही, बाथरूममध्ये अडकली आहे. बाथरूममध्ये असेल, असं म्हणू नकोस. आहे म्हण.”

या वेळी ती हसली नाही. थोड्याच वेळात वरून ओरडली, “येतायत! पण नदीपलीकडे त्यांची एकच गाडी आहे, ती कुठेतरी गेली आहे म्हणे!”

तोवर सासऱ्यांनी खिशातून आपली पत्र्याची पट्टी काढली होती, जुना रंग खरवडायची. ते चाकासमोर बसले आणि हबवरचा रंग खरवडायला लागले. मी फक्त स्टेपनी टेकेल तेवढं करा म्हटलं. त्यांनी लोखंड पांढरं दिसेपर्यंत केलं, तेही मला स्टेपनी ओढत आणायला लागली तेवढ्या वेळात. स्टेपनी चढवली, नट समोरासमोरचे आवळले, गाडी उतरवली, पुन्हा पान्यावर उभी राहिले.

“चल, चल आता,” सासरे पुढच्या सीटवर बसलेसुद्धा.

मी पाना घेऊन बाकीच्या चाकांकडे गेले.

“अगं, आता काय?”

“तपासते.”

“झालं यांचं सुरू,” नोटीस म्हणाले. “आई अडकलीय म्हणतात आणि चाकं मोजत बसल्या आहेत.”

मला कळत होतं की प्रत्येक क्षण आईच्या रक्तातून जातो आहे. पण जिथे जाड रंग दबला, तिथे नट सैल पडणारच. मधली गादी बसली की वरचा खिळा हलतो, त्याला एम.ए. लागत नाही. मागच्या उजव्या चाकाचे नट हाताने फिरले. नुसत्या बोटांनी. त्या चाकावर मी पूल ओलांडणार होते. मी ते आवळले, नोटीसकाकांकडे एकदा बघितलं, आणि गाडीत बसले.  त्यांनी फाटक उघडून धरलं.

पुलावरून जाताना सासरे नेहमी कठड्याकडे बघत बसतात, कुठे पोपडा आला, कुठे नव्या पोरांनी चालढकल केली. त्या दिवशी ते समोरच बघत होते. रस्ता संपामुळे रिकामा होता. मी घाबरलेली होते, आणि मी गाडी चालवत होते. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आईच्या घराची किल्ली माझ्या जुडग्यात असते. अर्थातच असते. दार उघडलं. ओट्यावर चहाचं भांडं, पाणी भरून, गॅस बंद. टेबलावर फोन, माझ्या न उचललेल्या कॉल्सनी भरलेला. बाजूला इंजेक्शनची सुई, टोपण लावून ठेवलेली. आणि बाथरूमचं दार, हिरवंगार, नवरीसारखं चमकत.

“आई!”

काही नाही.

“आई गं!”

मी दाराला कान लावला. पाण्याचा एक थेंब पडला. मग खालून, जमिनीजवळून, आवाज आला.

टक.

एकच. उठले, ठीक आहे.

 मी मुठीने दारावर एकदा मारलं. ऐकलं.

“आई, दारापासून बाजूला सर. सरकता येत नसेल तर दोनदा वाजव.”

वाट पाहिली. दुसरा आवाज आला नाही, फक्त काहीतरी फरशीवरून सरपटल्याचा. सासरे गुडघ्यांवर बसून चौकटीच्या फटीतून पट्टी चालवत होते, खालून वर, वरून खाली.  “आता,” ते म्हणाले. मी उलटी वळले, समोरच्या भिंतीला हात टेकले आणि टायरला घातली होती तशी टाचेने लाथ घातली. एक. दुसरीला चौकट करकरली. तिसरीला दार सुटलं.

आई कोपऱ्यात पालथ्या बादलीला टेकून बसली होती, टॉवेल गुंडाळून, हातात दाराची उखडलेली मूठ. घामाने निथळत होती. माझ्याकडे बघत होती, पण ओळखत नव्हती. माझ्या पर्समध्ये साखरेच्या पुड्या असतात. त्यावरून घरात खूप विनोद झालेले आहेत. मी पुडी फाडली, थोडी थोडी तिच्या गालाच्या आत लावत गेले. गिळतेय ना, ते गळ्यावर बोट ठेवून बघत राहिले. मग तिला भांडं धरवलं तेव्हा साखरेचं पाणी, घोट घोट. सासरे बाहेर पाठ करून उभे होते, हातात तिची चादर, मागे धरलेली.

बऱ्याच वेळाने आईच्या डोळ्यांत आई आली. तिने मला बघितलं, माझ्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांना बघितलं, मग दाराकडे.

“व्याहीबुवा,” ती म्हणाली, खरखरीत आवाजात, “रंग चांगलाय हो. पक्का.”

सासरे रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

“बरं झालं, बाहेरच्या दाराला नाही मारलात,” आई म्हणाली. आणि मला, “गाडी आणलीस?”

“आणली. चाक धरून बसलं होतं.”

“मी सांगितलं होतं.”

“काढून घातली होती गं. चारही. यांनी.”

तिने माझ्याकडे आणि सासऱ्यांच्या नखांकडे आळीपाळीने बघितलं आणि तिला इतकं हसू आलं, की मला पुन्हा तिचा घाम पुसावा लागला.

अॅम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांनी तिची साखर तपासली आणि मला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, एक रिंग आली नाही. ते कागदावर काय लिहावं म्हणून थांबले. संध्याकाळी नवरा धावत आला. त्याने तोंड उघडलं, “तू पण—” आणि मिटलं. चांगला माणूस आहे, शिकतो.

आता आई आधी खाते. बाथरूमचं दार सासऱ्यांनी तासून दिलं आहे, त्याला मूठही नवी आहे आणि रंग अजिबात नाही, नागडं लाकूड. गाडीची उरलेली तिन्ही चाकं आम्ही दोघांनी मिळून काढली, खरवडली आणि परत घातली. नोटीसकाकांनी जिन्यात कागद लावला: ‘दुरुस्तीची कामं करताना इतरांची गैरसोय टाळावी.’ आमच्यासाठी त्यांनी नियम वाकवला, असं ते सगळ्यांना सांगतात.

मी अजून घाबरट आहे. राहणार. मला बरं व्हायचं नाही.

तुमचीही कोणीतरी असेल, नदीपलीकडे, वरच्या मजल्यावर, शेजारच्या गल्लीत. जिचा आवाज रोज कुठल्या ना कुठल्या रूपाने येतो, फोनचा, खोकल्याचा, खिडकी उघडल्याचा, आणि येतो म्हणून तुमचं तिकडे लक्षही नसतं. आज आला का? आठवून बघा. आठवत नसेल, तर हे मिटून ठेवा आणि फोन लावा. उचलला नाही, तर उठा. कोणी ‘तू पण ना’ म्हणालं तर म्हणू दे. जा आणि तिचं दार वाजवा.